एका भिंतीची दोन घरं

लंडनच्या जुन्या उपनगरांतून चालताना एक दृश्य हमखास दिसतं. विटांचा ऐसपैस बंगला, पण त्याच्या मधोमध वरून खाली फूटपट्टी धरून रेघ मारावी तसा रंग तुटलेला. डावीकडच्या खिडक्या पांढऱ्याशुभ्र, उजवीकडच्या गर्द हिरव्या. डाव्या छपरावर शेवाळलेली स्लेट, उजवीकडे कोरी कौलं. लेकीकडे उन्हाळ्यात राहायला आलेले आईबाबा हे पाहून हटकून म्हणतात, "भावाभावांत वाटणी झालेली दिसते."

वाटणी झालेली नसते. ही पहिल्या दिवसापासून दोन वेगळी घरं असतात, दोन मालकांची, दोन नंबरांची. फक्त त्यांच्यामधली भिंत एकच असते. इंग्रज याला 'सेमी-डिटॅच्ड' म्हणतात, आपल्याकडचे बिल्डर 'ट्विन बंगलो' म्हणून विकतात. मी इथे जोडघर म्हणतो. राणी व्हिक्टोरियाच्या काळात, म्हणजे 1837 ते 1901 या वर्षांत, इंग्लंडात विटांची अशी जोडघरं अगणित बांधली गेली. त्यांची रचना समजून घ्यायची तर एक गोष्ट पक्की धरावी लागते: दोन घरांनी मिळून एकच मोठं घर असल्याचं सोंग आणलंय. त्यांच्या दर्शनी भागातल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा तिथूनच होतो.

सोंग कशासाठी? लंडनमध्ये बरीच घरं रांगेनं जोडलेली, चाळीसारखी एकाला एक चिकटलेली असत. चहूबाजूंनी मोकळा बंगला ही श्रीमंतांची चीज. कारकून, दुकानदार, शाळामास्तर अशा नव्या मध्यमवर्गाला बंगल्याचा रुबाब हवा होता, पण पैसे अर्ध्याच बंगल्याचे होते. मग अर्धाच बंगला घ्यायचा आणि रस्त्यावरून तो पूर्ण दिसेल असं बघायचं.

हा डाव उघडपणे मांडणारा माणूस म्हणजे जॉन क्लॉडियस लाउडन, बागांवर आणि घरांवर भरमसाट लिहिणारा लेखक. त्यानं 1820च्या दशकात, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर यायच्याही आधी, लंडनच्या बेजवॉटर भागात पोर्चेस्टर टेरेस या रस्त्यावर स्वतःसाठी एक जोडघर बांधलं. दोन्ही घरांच्या बरोबर मध्ये त्यानं काचेचा घुमट बसवला. बघणाऱ्याची नजर त्या घुमटावर खिळते आणि त्याच्यामागे दोन घरं शिवलेली आहेत हे ध्यानातच येत नाही. पुढच्या बिल्डरांना काचेचा घुमट परवडणारा नव्हता. त्यांनी तेच काम कधी मधल्या त्रिकोणी माथ्यानं, कधी दोन दारांवरच्या एकाच कमानीनं, तर कधी छपराच्या मधोमध उभ्या केलेल्या जाडजूड धुराड्यानं भागवलं.

आता विटांकडे येऊ. लंडनच्या आसपास बांधकामाचा चांगला दगड नाही. आपल्याकडे देशावर काळा पाषाण, कोकणात जांभा, तशी लंडनच्या पायाखाली माती आहे. जे पायाखाली ते भिंतीत, हा नियम तिथेही चालला. 1666च्या मोठ्या आगीनंतर शहरात लाकडी भिंतींना बंदीच झाली आणि विटेला राजमान्यता मिळाली.

पण लंडनची जुनी वीट लाल नसते. ती मळकट पिवळी, कुठे मधाळ, कुठे काळपट असते. तिला 'लंडन स्टॉक' म्हणतात. मातीतलं लोह भट्टीत भाजलं की वीट लाल होते, पण त्या मातीत खडूचा चुनखडक कालवला की रंग पिवळ्याकडे झुकतो. शिवाय वीटवाले मातीत आणखी एक गोष्ट मिसळत. लंडनच्या लाखो शेगड्यांमधून रोज निघणारी राख आणि अर्धवट जळलेले कोळशाचे कण ते चाळून घेत आणि मातीत मळत. भट्टीत गेल्यावर हे कण आतूनच पेटत, वीट गाभ्यापर्यंत भाजली जाई आणि जळणही वाचे. आपले वीटभट्टीवाले मातीत भाताचं तूस घालतात, त्याच जातीची ही युक्ती. म्हणजे त्या पिवळ्या भिंतीत शहराच्या चुलींतला केर भाजून बसवलेला आहे. वर पुढची शंभर वर्षं त्याच चुलींच्या धुरानं ती भिंत काळी केली.

विटेवर सरकारचा करही होता. 1784 मध्ये लागला आणि 1850 मध्ये उठला. कर नगावर होता, त्यामुळे लोकांनी विटाच मोठ्या पाडायला सुरुवात केली. मग सरकारनं मोठ्या विटेवर जास्त कर बसवला. हा पाठशिवणीचा खेळ संपला तेव्हा रेल्वे आली होती, यंत्रानं विटा पाडल्या जाऊ लागल्या होत्या आणि पुढे 1858 मध्ये हॉफमन नावाच्या जर्मन माणसानं अखंड पेटती राहणारी गोल भट्टी पेटंट केली. विटा स्वस्त झाल्या आणि लांबून येऊ लागल्या. त्याआधी घर बघून गाव ओळखता येई. आता लंडनच्या पिवळ्या भिंतीत दुसऱ्या परगण्यातल्या लाल विटांचे पट्टे दिसू लागले.

हे पट्टे निव्वळ हौसेचे नव्हते, त्यामागे विचारही होता. रंग वरून फासू नये, तो बांधकामाच्या सामानातूनच यावा, असं जॉन रस्किन हा समीक्षक इटलीतल्या जुन्या इमारती दाखवून सांगत होता. विल्यम बटरफील्ड या वास्तुविशारदानं लंडनच्या मार्गारेट स्ट्रीटवर ऑल सेंट्स चर्च बांधताना लाल विटांत काळ्या विटांची नक्षी भरली. (कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या आतल्या सजावटीत याच बटरफील्डचा हात आहे.) चर्चमधली कल्पना वीस वर्षांत साध्या बिल्डरपर्यंत झिरपली आणि कारकुनाच्या घराच्या खिडकीवर एक लाल, एक पिवळी अशी कमान आली. व्हेनिसचा राजवाडा, साडेतीन खोल्यांच्या मापात!

भिंत रचायची पद्धत ही थोडी तांत्रिक गोष्ट आहे, पण एकदा कळली की कुठल्याही जुन्या भिंतीसमोर पाय थबकतात. नऊ इंची भिंत आणि साडेचार इंची भिंत हे शब्द आपल्या गवंड्यांच्या तोंडी आजही आहेत, ते याच मापांतून आलेले. वीट साधारण नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद. भिंतीत ती लांबीनं लावली तर बाहेरून लांबट बाजू दिसते, ती स्ट्रेचर. आडवी घुसवली तर फक्त डोकं दिसतं, तो हेडर. हेडर भिंतीच्या पुढच्या आणि मागच्या थराला टाच मारल्यासारखा शिवतो. एकाच ओळीत एक लांब, एक डोकं, असं आलटून पालटून असेल तर तो फ्लेमिश बॉन्ड. एक अख्खी ओळ लांब आणि तिच्यावरची अख्खी ओळ डोक्यांची असेल तर इंग्लिश बॉन्ड. सिव्हिलच्या डिप्लोमाला हे दोन्ही काढून काढून मुलांची बोटं दुखतात. इंग्लिश जास्त दणकट, फ्लेमिश जास्त देखणा. त्यामुळे जोडघराच्या दर्शनी भिंतीला बहुधा फ्लेमिश दिसतो.

आणि इथेच बिल्डरची लबाडी. दर्शनी वीट महाग, आतली स्वस्त. अख्खा हेडर लावायचा तर महाग विटेचा अर्धा भाग आत कुणालाच न दिसता वाया जाणार. मग काही बिल्डर हेडर मधोमध तोडून दोन डोकी करत. बाहेरून फ्लेमिश बॉन्ड अगदी पुस्तकातल्यासारखा, पण आत टाका मारलेलाच नाही. अशी दर्शनी भिंत मग सावकाश मागच्या थरापासून सुटते आणि पोट काढते. आज त्या भिंतीला स्टीलच्या सळ्या घालून मागे बांधावं लागतं.

घराच्या बाजूच्या आणि मागच्या भिंती तर सरळसरळ हलक्या विटांच्या असतात. रस्त्यावरून दिसत नाहीत, मग खर्च कशाला? दर्शनी भिंतीवर आणखी एक नाटक चाले. सांधा जितका बारीक तितकं काम उंची समजलं जाई, पण बारीक सांध्यासाठी विटा घासून एका मापाच्या कराव्या लागतात. स्वस्तातला उपाय असा: दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, विटेच्याच रंगाच्या चुन्यानं सपाट भरायच्या आणि त्यावर पांढऱ्या चुन्याची दोऱ्याइतकी बारीक रेघ ओढायची. लांबून वाटतं, काय सुबक सांधे आहेत! खरा सांधा त्या रेघेच्या मागे ओबडधोबड पडलेला असतो.

हे सगळं बांधकाम चुन्यातलं. आपल्या वाड्यांसाठी बैल जुंपून घाण्यावर चुना मळत, त्याचाच हा विलायती भाऊ. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असतो आणि पाणी अडवून धरत नाही. भिंत पावसात थोडी भिजते आणि नंतर सांध्यांतून वाळते. पुढे लोकांनी 'मजबुतीसाठी' त्याच दर्जा सिमेंटनं भरल्या. सिमेंटमधून पाणी बाहेर पडेना, ते विटेच्या तोंडाशी साठलं, हिवाळ्यात गोठून फुगलं आणि विटांचे पोपडे उडाले. आपल्याकडे गोठणं नाही, पण जुन्या वाड्याला सिमेंटचा गिलावा केल्यावर भिंतीला ओल का चढली, या कोड्याचं उत्तर हेच आहे.

ओलीवरून आठवलं. या घरांच्या जोत्याशी नीट पाहिलं तर बाहेरच्या भिंतीत लहान भोकांची जाळीदार वीट दिसते. तळमजल्याची जमीन लाकडी फळ्यांची असते आणि तिच्याखाली पोकळी असते. त्या पोकळीत वारा खेळावा म्हणून ही जाळी. थंडी लागते म्हणून कुणी ती बुजवली की काही वर्षांत खालची लाकडं कुजतात. शिवाय 1875च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर जोत्याच्या उंचीवर स्लेटचे थर किंवा डांबर घालून जमिनीतली ओल तोडायची पद्धत रूढ झाली. त्याआधीच्या घरांत भिंतीच्या पायथ्याला खारट डाग आजही दिसतात.

आता मधल्या भिंतीकडे वळू.

जोडघराचा कणा ही सामाईक भिंत. दोन्ही घरं तिच्याभोवती आरशातल्या प्रतिबिंबासारखी मांडलेली असतात. डाव्या घरात जिना उजवीकडे असेल तर उजव्या घरात तो डावीकडे. पण आरसा कुठे धरायचा, हे वास्तुविशारदाला ठरवावं लागतं आणि दोन्ही निवडींची किंमत मोजावी लागते. दारं आणि जिने मधल्या भिंतीला चिकटवले, तर दोन्ही दिवाणखान्यांमध्ये दोन जिन्यांचं अंतर पडतं आणि शेजारच्या मुलीच्या पियानोचा त्रास कमी होतो. पण मग शेगड्या बाहेरच्या भिंतीवर जातात आणि निम्मी ऊब बागेला मिळते. दारं दोन टोकांना नेली, तर दोन्ही घरांच्या शेगड्या मधल्या भिंतीवर पाठीला पाठ लावून बसतात. तिथे तापलेल्या विटा दोघांनाही रात्रभर उबदार ठेवतात, पण शेजाऱ्याचा खोकलाही ऐकू येतो. बाहेरून पाहून हे ओळखता येतं. धुराडं मधोमध असेल तर आत ऊब आणि खोकला. दोन टोकांना असेल तर शांतता आणि थंडी.

मधलं धुराडं म्हणजे एक पोकळी नव्हे, हेही पुष्कळांना माहीत नसतं. प्रत्येक शेगडीला स्वतःची वेगळी धुरवाट असते. तळमजल्याच्या शेगडीची वाट वर जाताना वरच्या मजल्याच्या शेगडीला वळसा घालते आणि भिंतीच्या आत सगळ्या वाटा शेजारी शेजारी वर जातात, मध्ये फक्त अर्ध्या विटेची आडभिंत. छपराबाहेर प्रत्येकीच्या डोक्यावर भाजक्या मातीचं एकेक नळकांडं. म्हणून रस्त्यावरून नळकांडी मोजा, आत किती शेगड्या होत्या ते कळतं. आठ असतील तर बहुधा प्रत्येक घराला चार. ज्याच्या घरात शेगड्या जास्त त्याची ऐपत जास्त, कारण कोळसा विकत घ्यायचा आणि तो वर वाहून न्यायला मोलकरीण ठेवायची. या अरुंद, वळणदार वाटा साफ करायला कोवळ्या मुलांना आत चढवत असत. कायदे अनेक झाले, पण 1875च्या कायद्यानं ती प्रथा खऱ्या अर्थानं मोडली.

आज शेगड्या विझल्या आहेत, पण धुराड्याचं ओझं तसंच आहे. खोली मोठी दिसावी म्हणून एखादा मालक तळमजल्यावरचा शेगडीचा पुढे आलेला भाग फोडून टाकतो. वरचा काही टन विटांचा ढीग मात्र जागेवरच असतो. त्याला खालून नीट आधार दिला नाही, तर धोका आपल्याइतकाच शेजाऱ्याला. म्हणूनच इंग्लंड आणि वेल्ससाठी 1996चा सामाईक भिंतींचा खास कायदा आहे. भिंतीला हात लावण्यापूर्वी दोन महिने आधी शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. गावठाणातल्या सामाईक भिंतीवरून ज्यांनी कोर्टाच्या फेऱ्या मारल्यात, त्यांना या कायद्याचा हेवा वाटेल.

जोडघराला रांगेतल्या घरापेक्षा एक बाजू जास्त मोकळी मिळते. तिथून जिन्याला खिडकी मिळते. शिवाय बाजूच्या बोळातून कोळसेवाला आणि दूधवाला परस्पर मागच्या दारी जातो, पाहुण्यांच्या नजरेस पडत नाही. व्हिक्टोरियन माणसाला या दुसऱ्या सोयीचं मोल फार होतं. मागे स्वयंपाकघर आणि भांडी घासायची मोरी असलेला एक अरुंद भाग शेपटीसारखा बाहेर येतो, त्यामुळे घराचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा होतो.

दर्शनी भागातली सर्वांत मोठी नवलाई म्हणजे खिडकी. 1696 पासून इंग्लंडात खिडक्यांवर कर होता. तो 1851 मध्ये उठला, काचेवरचा कर त्याआधी 1845 मध्ये. मोठ्या काचा स्वस्त झाल्या आणि भिंतीतून पुढे आलेली, तीन तोंडांची बे खिडकी जिकडेतिकडे उगवली. वरखाली सरकणाऱ्या खिडक्यांची चौकट पूर्वी लहान लहान काचांमधल्या पट्ट्यांनी घट्ट धरलेली असे. मोठी काच आली, पट्ट्या गेल्या आणि काचेच्या वजनानं चौकटीचे सांधे ढिले पडू लागले. म्हणून सुतारांनी वरच्या चौकटीचे उभे दांडे खाली थोडे लांबवून शिंगांसारखे ठेवले. ही लहानशी शिंगं दिसली की खिडकी बहुधा व्हिक्टोरियन काळाच्या मध्यानंतरची. चौकटीच्या पोटात दोरीला बांधलेली बिडाची वजनं लपलेली असतात, म्हणून ती खिडकी एका बोटानं उचलते आणि कुठेही थांबते.

बे खिडकीला एक जुनाट दुखणं आहे. तिचा पाया बऱ्याचदा मुख्य भिंतीच्या पायापेक्षाही उथळ असतो आणि लंडनची चिकणमाती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते. 1976च्या दुष्काळात हजारो घरांना तडे गेले. बे आणि भिंत यांच्या सांध्यातली तिरकी भेग ही त्या शहराची सही म्हणावी इतकी नेहमीची आहे.

छपराची स्लेट वेल्सच्या खाणींतून आली, आपण शाळेत जिच्यावर लिहिलं त्या पाटीचाच दगड. तीही रेल्वेची कृपा.

सोंगाला कंटाळून कुणी वेगळं काही केलं का? केलं. लंडनच्या पश्चिमेला टर्नहॅम ग्रीन स्टेशन 1869 मध्ये सुरू झालं आणि 1875 मध्ये जोनाथन कार या कापड व्यापाऱ्यानं शेजारची चोवीस एकर जमीन हाती घेऊन बेडफर्ड पार्क वसवायला सुरुवात केली. पहिले आराखडे वास्तुविशारद एडवर्ड गॉडविनचे, पण त्यांवर टीका झाली, आणि 1877 मध्ये नॉर्मन शॉ हा दुसरा वास्तुविशारद आला. त्याची जोडघरं पिवळी नाहीत, भडक लाल विटांची आहेत. वर कौलं, भिंतींवरही टांगलेली कौलं, पांढरे लाकडी कठडे. तळघरातलं कोंदट स्वयंपाकघर त्यानं वर आणलं. आणि गंमत म्हणजे मोठी काच स्वस्त झालेली असताना यानं खिडक्यांत पुन्हा आजोबांच्या काळातल्या लहान लहान काचा बसवल्या. राजवाड्याचं सोंग टाकलं आणि जुन्या खेड्याचं घेतलं, असं माझं मत. तरीही ती घरं राहायला जास्त माणसाळलेली आहेत. 1886 मध्ये जोनाथन कारची कंपनी बुडाली. 1960च्या दशकात बंगले पाडायची चढाओढ लागली, तेव्हा रहिवाशांनी संस्था काढून झगडा दिला आणि 1967 मध्ये 356 घरांना वारसा म्हणून संरक्षण मिळालं.

आपल्या माणसांच्या लंडनमधल्या पत्त्यांवर गेलात तर याच काळातली घरं बघायला मिळतील. हायगेटमध्ये 65 क्रॉमवेल अव्हेन्यूवर सावरकर राहिले ते 'इंडिया हाउस', लाल विटांचं. मेडा व्हेलमध्ये 10 हाउली प्लेसला टिळक 1918-19 मध्ये राहिल्याची निळी पाटी आहे. 10 किंग हेन्रीज रोडवर 1921-22 मध्ये बाबासाहेब राहिले ते घर महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये विकत घेतलं. राहत्या घराचं स्मारक करायला तिथल्या नगरपालिकेची परवानगी लागते, या मुद्द्यावर ते प्रकरण अडलं आणि 2020 मध्ये सुटलं.

आता जोडघरांवर नवं संकट आलंय, पोटमाळ्याचं. चारही बाजूंना उतरत्या छपराखाली डोकं टेकतं म्हणून एक मालक आपल्या बाजूचा उतार काढून तिथे सरळ भिंत चढवतो आणि वर एक खोली मिळवतो. शेजाऱ्याकडे पैसे नसतात किंवा हौस नसते. त्याचा उतार तसाच राहतो. मग रस्त्यावरून दिसतो एक बंगला, ज्याचा एक खांदा उचललेला आणि एक पडलेला. लाउडननं घुमट लावून लपवलेली शिवण छपरावरच उसवते.